आल्पर्ट्रॉनचा अवयव-गणक: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ या संख्येवर घासून पाहिलेला

मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म म्हणजे ती मूळ आहे का, नसेल तर तिचे अवयव कोणते, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, तिच्याशी सहमूळ असलेल्या लहान संख्या किती, ती किती वर्गांच्या बेरजेत बसते. हे सगळं एका पानावर, एका दमात आणि फुकट सांगणारी साधनं जगात थोडी आहेत. अर्जेंटिनाच्या दारियो आल्पेर्न यांचा अवयव-गणक त्यांत सर्वांत सोपा आणि बहुतेक कामांना पुरून उरणारा आहे. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते ओघात येईलच.

आधी हे साधन जावा ॲपलेट होतं, आता वेबअसेंब्लीवर चालतं. नोंदणी लागत नाही, काही उतरवून घ्यावं लागत नाही. गणित त्यांच्या सर्व्हरवर नाही, तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं. पान एकदा उघडलं की नंतर इंटरनेट नसतानाही चालतं, त्यामुळे प्रवासात किंवा रेंज नसलेल्या वर्गातही वापरता येतं. भाषा मात्र इंग्रजी आणि स्पॅनिश एवढ्या दोनच.

परीक्षेसाठी २^६७−१ ही संख्या घ्यावी, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकी. मेरसेन यांनी १६४४ साली २^न−१ या साच्यातल्या मूळ संख्यांची जी यादी दिली तिच्यात ६७ हा घातांक होता. १८७६ मध्ये ल्युकास यांनी ही संख्या मूळ नाही हे सिद्ध केलं, पण अवयव हाती लागले नाहीत. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. कोल एक शब्द न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. संयुक्त आहे हे ठाऊक असणं आणि अवयव ठाऊक असणं या दोन गोष्टींत इथे सत्तावीस वर्षांचं अंतर पडलं. मोठ्या संख्यांच्या कुठल्याही साधनाकडून काय अपेक्षा करायची आणि काय नाही, हे या एका उदाहरणात कळतं.

कसोटी म्हणून हीच संख्या घेण्याचं आणखी एक कारण आहे. ती २^६४ च्या, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१६ च्या, पलीकडे आहे. चौसष्ट बिटांत मावेल एवढ्यावरच भागवणारी साधनं नेमकी इथे तोंडघशी पडतात. एक्सेलच्या रकान्यात ही संख्या टाकून पाहा. एक्सेल पंधरा सार्थ अंकच जपतं, त्यामुळे ती १४७५७३९५२५८९६७६०००००० होते आणि पुढचं सगळं गणित वेगळ्याच संख्येचं होतं. दशांश-अपूर्णांकाच्या नेहमीच्या साठवणीवर चालणाऱ्या ऑनलाइन गणकांचं तर याहून वाईट होतं. त्या साठवणीत ५३ बिटांपेक्षा जास्त नेमकेपणा नसतो, म्हणून २^६७−१ ही संख्या गोल होऊन सरळ २^६७ बनते. मग गणक बेधडक सांगतो की ही संख्या सम आहे आणि तिचे अवयव फक्त दोन, दोन, दोन. संकेतस्थळ देखणं आहे म्हणून विश्वास ठेवू नका. नवीन गणक हाताशी आला की आधी ही संख्या टाका. सम म्हणाला, तर त्याच्या मोठ्या संख्यांवरच्या कुठल्याच उत्तरावर भरवसा नको.

आल्पर्ट्रॉनमध्ये ही अडचण नाही. संख्या शेकडो अंकी असली तरी शेवटच्या अंकापर्यंत नेमकी धरली जाते.

संख्या टाकायची कशी

सगळे अंक टंकत बसू नका. पदावली द्या: २^६७−१. इथे अंक इंग्रजी कळफलकावरचेच लागतात, देवनागरी अंक टाकू नका. दुसरीकडून संख्या चिकटवत असाल तर स्वल्पविराम आधी काढा, कारण इथे स्वल्पविराम फलाच्या दोन घटकांना वेगळं करण्यासाठी राखून ठेवलेला आहे. आपल्याकडे लाख-कोटींचे स्वल्पविराम सगळीकडे असतात, त्यामुळे मराठी वाचकाला पहिली चूक इथेच येण्याची शक्यता आहे.

पदावलीचा दुसरा फायदा वेळेचा आहे. अ^ब±१ या साच्यातल्या संख्यांचे अवयव गेल्या शतकभर लोक तक्त्यांत जमा करत आले आहेत. त्यांना कनिंगहॅम तक्ते म्हणतात. गणकाच्या सेटिंगमध्ये हे तक्ते सर्व्हरवरून घेण्याचा पर्याय आहे. तो सुरू ठेवून पदावली दिली, तर आधीच सापडलेले अवयव आयते मिळतात आणि जिथे एरवी महिने गेले असते तिथे काम लगेच होतं. पण गणकाचा स्वतःचा वेग पाहायचा असेल तर हा पर्याय बंद करायला विसरू नका. नाहीतर मोजाल तो तक्त्याचा वेग.

भागाकाराचं चिन्ह पूर्णांकी भागाकार करतं, म्हणजे बाकी गुपचूप टाकून देतं. (१०^१९−१)/९ लिहिलंत तर ठीक, कारण भाग निःशेष जातो आणि एकोणीस एकांची संख्या मिळते. ती मूळ आहे आणि गणक तसं लगेच सांगतो. पण ९ च्या जागी चुकून ७ पडला तरी गणक तक्रार करणार नाही, मुकाट वेगळ्याच संख्येचे अवयव पाडून देईल. भाग जातो का याची खात्री नसेल तर आधी बाकी काढणारं टक्क्याचं चिन्ह वापरून शून्य येतं का ते पाहा.

घातांकाचं टोपीचं चिन्ह, क्रमगुणिताचं उद्गारचिन्ह, मूळ संख्यांच्या गुणाकाराचं जाळीचं चिन्ह, ही फोनच्या कळफलकावर शोधावी लागतात. ती बटणं पानावरच दिली आहेत. पुढची मूळ संख्या काढणारं फल एका अक्षराचं आहे, एन. आधीची काढणारं बी. फिबोनाचीसाठी एफ, ल्युकास संख्यांसाठी एल. अंकांची बेरीज, अंक उलटे करणं, विभाजकांची संख्या, यांची फलंही आहेत. यादी मोठी आहे आणि मदतीच्या पानावर ती नीट मांडलेली आहे.

उत्तरात काय येतं, आणि ते हाताने कसं पडताळायचं

२^६७−१ टाकून बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं. संख्येचे अंक सहा-सहाच्या गटांत पाडून दाखवले जातात आणि किती अंकी तेही कंसात येतं. सहाचा गट डोळ्यांना रुळायला थोडा वेळ लागतो, पण सेटिंगमध्ये तो बदलता येतो. दोन अवयव, त्याखाली विभाजकांची संख्या ४, मग विभाजकांची बेरीज १४७५७३९५३३५१७०८३७७९३६, ऑयलरचं फल (म्हणजे सहमूळ असलेल्या लहान संख्या किती) १४७५७३९५१८२७६४४४४७९२०, मोबियसचं फल १ (वेगवेगळे मूळ अवयव सम असल्यामुळे), आणि शेवटी वर्गांची बेरीज.

हे नुसतं वाचून सोडू नका. दिलेली संख्या न ही दोन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल, तर विभाजकांची बेरीज आणि ऑयलरचं फल या दोहोंची बेरीज नेहमी २(न+१) येते. इथे न+१ म्हणजे २^६७, म्हणून बेरीज २^६८ यायला हवी. दोन्ही आकडे मिळवून पाहा: २९५१४७९०५१७९३५२८२५८५६. हीच २^६८. आणि दोहोंची वजाबाकी १५२४०६३९३००१६ येते, तिचं निम्मं ७६२०३१९६५००८ म्हणजे दोन अवयवांची बेरीज. बेरीज आणि गुणाकार दोन्ही कळले की अवयव काढणं म्हणजे शाळेतलं वर्गसमीकरण. गुप्तलेखनात ऑयलरचं फल गुप्त राखलं जातं ते याचमुळे: ते हाती आलं की अवयव हाती आलेच.

गुणाकाराची झटपट तपासणी नवाने आणि अकराने करावी. मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९, नवाने बाकी १. पहिल्या अवयवाची अंकबेरीज ३७, बाकी १. दुसऱ्याची ६४, बाकी १. एक गुणिले एक, एक. अकराच्या तपासणीत उजवीकडून एकाआड एक अंक मिळवायचे आणि वजा करायचे. मोठ्या संख्येची बाकी ६ येते, अवयवांची ९ आणि ८. नऊ आठे बहात्तर, बहात्तराला अकराने भागून बाकी ६. जुळलं. नुसत्या नवाच्या तपासणीला अंकांची अदलाबदल कळत नाही, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी ती पास होते. अकराची तपासणी ती चूक पकडते. म्हणून दोन्ही कराव्यात.

आणखी एक तपासणी खास या कुळातल्या संख्यांसाठी आहे. २^६७−१ च्या प्रत्येक मूळ अवयवातून एक वजा केला की तो १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागला गेला पाहिजे, आणि त्या अवयवाला आठाने भागून बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. १९३७०७७२० भागिले १३४ बरोबर १४४५५८०, आठाने बाकी १. दुसऱ्यासाठी ७६१८३८२५७२८६ भागिले १३४ बरोबर ५६८५३६०१२९, आठाने बाकी ७. कोणी या संख्येचा वेगळा अवयव सांगितला आणि तो यात बसला नाही, तर गुणाकार करून बघायचीही गरज नाही.

वर्गांच्या बेरजेचा भाग बाकीच्या साधनांत क्वचितच दिसतो आणि तोच फार सुंदर आहे. आठाने भागून ७ उरणारी संख्या तीन वर्गांच्या बेरजेत कधीच बसत नाही, तिला चार लागतात. आपली संख्या नेमकी तशी आहे, कारण २^६७ ला आठाने निःशेष भाग जातो आणि आपण त्यातून एक वजा केला आहे. म्हणून गणकाने दिलेल्या चार वर्गांत एकही शून्य असू शकत नाही. शिक्षकांनी हे वर्गात जरूर दाखवावं. आठाच्या बाकीवरून मुलांनी आधी अंदाज बांधायचा, मग गणक चालवायचा.

मूळ आहे का, हा प्रश्न वेगळा

अनेक साधनं फसतात ती इथे. मूळत्व तपासायची जुनी रीत, म्हणजे फर्माची चाचणी, अशी: २ चा (न−१)वा घात घ्यायचा, न ने भागायचं आणि बाकी १ येते का पाहायचं. इथे २ हा पाया. २^६७−१ ला ही चाचणी लावली तर बाकी चोख १ येते, संख्या संयुक्त असूनही. कारण साधं आहे. २ चा ६७ वा घात या संख्येने भागला की बाकी १ उरते, आणि न−१ म्हणजे २ × (२^६६−१) ला ६७ ने भाग जातो. मिलर-राबिन चाचणी याहून कडक, पण पाया २ घेतला तर तीही याच संख्येवर फसते, कारण (न−१)/२ म्हणजे २^६६−१ लाही ६७ ने भाग जातो. मेरसेनच्या साच्यातली, मूळ घातांक असलेली प्रत्येक संयुक्त संख्या पाया २ ला अशीच चकवते.

स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पाया यदृच्छेने निवडला की धोका जवळजवळ संपतो. १९३७०७७२१ या एका अवयवापुरतं पाहिलं तरी न−१ आणि १९३७०७७२० यांचा मसावि १२०६ आहे. म्हणजे फर्माच्या चाचणीला चकवणारे पाये दर १६०६२० मागे एक, आणि दुसऱ्या अवयवाची अट लावल्यावर त्याहूनही विरळ. दोन-तीन वेगळे पाये घेतले की सुटका होते. आल्पर्ट्रॉन या जाळ्यात अडकत नाही.

मात्र तो मूळत्वाचं प्रमाणपत्र देत नाही, आणि कापलेला अर्धा गुण यासाठी आहे. शेकडो अंकी संख्या मूळ आहे असं तो म्हणाला, तर रोजच्या कामासाठी विश्वास ठेवायला हरकत नाही. पण शोधनिबंधात ते लिहायचं असेल आणि दुसऱ्याला स्वतंत्रपणे तपासता आलं पाहिजे असेल, तर बोर्दो विद्यापीठात जन्मलेलं पारी-जीपी वापरा. तेही फुकट आहे. त्यात संभाव्य मूळ आहे का आणि सिद्ध मूळ आहे का, असे दोन वेगळे आदेश आहेत, आणि प्रमाणपत्र काढून ठेवण्याचीही सोय आहे. नवे लोक पहिला आदेश वापरून दुसऱ्याचा दावा करतात, ते टाळावं. आदेश टंकून काम करायची सवय मात्र हवी.

वेग: कुठे पळतो, कुठे दमतो

संख्या किती अंकी यावर वेग ठरतो असं लोकांना वाटतं. खरं तर बऱ्याचदा तो दुसऱ्या क्रमांकाचा मोठा अवयव किती अंकी, यावर ठरतो. दोनशे अंकी संख्येचा एक अवयव १८५ अंकी मूळ असेल आणि बाकी सगळे पंधरा अंकांत असतील, तर काम चुटकीसरशी होतं. उलट ऐंशी अंकी संख्या दोन चाळीस-अंकी मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर घाम निघतो.

गणक आधी लहान मूळ संख्यांनी भागून पाहतो, मग लेन्स्ट्रा यांच्या इलिप्टिक कर्व्ह पद्धतीकडे, म्हणजे ईसीएमकडे वळतो. एकामागून एक कर्व्ह घेऊन नशीब आजमावायचं, अशी ती पद्धत आहे. तपशीलवार माहितीचा पर्याय सुरू ठेवला तर कितवा कर्व्ह चालू आहे ते दिसतं, आणि त्यावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो. जाणकार वापरतात तो ठोकताळा असा: १५ अंकी अवयवासाठी मर्यादा (प्रत्येक कर्व्हवर शोध कुठवर न्यायचा ती) २००० आणि सुमारे २५ कर्व्ह, २० अंकीसाठी ११००० आणि ९०, २५ अंकीसाठी ५०००० आणि ३००, ३० अंकीसाठी अडीच लाख आणि ७००, ३५ अंकीसाठी दहा लाख आणि १८००, ४० अंकीसाठी तीस लाख आणि ५१००. हे सरासरीचे आकडे आहेत. ७०० कर्व्ह पुरे होऊनही ३० अंकी अवयव निसटू शकतो. अवयव सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं ईसीएम कधीही सांगत नाही.

३१ ते ९५ अंकांच्या संख्येसाठी थोडे कर्व्ह झाल्यावर गणक एसआयक्यूएस या चाळणीकडे वळतो. ही पोमरन्स यांच्या वर्गचाळणीची सुधारलेली आवृत्ती. इथे नशिबाचा प्रश्न नाही. अवयव लहान असो की मोठा, वेळ संख्येच्या आकारावर ठरतो आणि उत्तर येतंच. दर तीन अंकांमागे वेळ साधारण दुप्पट होतो, हे गणित मनाशी ठेवा. तुमच्या यंत्रावर ६० अंकी संख्येला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा. ७५ अंकी संख्येला त्याच्या बत्तीसपट लागेल, ९० अंकीला हजारपट. हा अंदाज आधी बांधला की रात्रभर यंत्र चालू ठेवायचं की नाही हे ठरवता येतं. फोनवर साठ अंकांच्या पुढे जाऊ नये. फोन तापतो, आणि स्क्रीन बंद झाली की ब्राउझर पार्श्वभूमीतलं काम थांबवतो. लॅपटॉपला चार्जर लावा, झोपी जाण्याची सेटिंग बंद करा आणि टॅब उघडा ठेवा.

वेगाची परीक्षा घ्यायची तर संख्या नीट निवडा. १०^२९ च्या पुढची मूळ संख्या आणि ३×१०^२९ च्या पुढची मूळ संख्या यांचा गुणाकार, एन फल वापरून एका ओळीत लिहिता येतो. तो ५९ अंकी, दोन सारख्या वजनाच्या अवयवांचा, म्हणून खरी कसोटी पाहणारा. पुष्कळ लोक लागोपाठच्या दोन मूळ संख्या गुणतात आणि गणक किती वेगवान म्हणून खूश होतात. १००००००००७ आणि १००००००००९ घ्या. गुणाकार १०००००००१६०००००००६३. याच्या वर्गमुळाच्या वरची पहिली पूर्ण संख्या १००००००००८, तिचा वर्ग १०००००००१६०००००००६४. फरक एकाचा, आणि एक हा स्वतः वर्ग. वर्गांची वजाबाकी मांडली की अवयव हातात. फर्माची ही रीत कागदावर दोन मिनिटांची आहे. अशा संख्येवर कुठल्याच साधनाचा वेग कळत नाही. गुप्तलेखनाच्या चाव्यांत दोन मूळ संख्या जवळजवळ का घेऊ नयेत, ते मात्र कळतं.

१९३७०७७२१ या अवयवाची आणखी एक खासियत इथेच सांगायला हवी. त्यातून एक वजा केला की २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७ असे सगळे लहान अवयव मिळतात. पोलार्ड यांच्या १९७४ च्या प−१ पद्धतीला असंच सावज हवं असतं. जीएमपी-ईसीएम या यंत्रावर बसवायच्या प्रोग्राममध्ये ही पद्धत निवडून पहिली मर्यादा १०० आणि दुसरी ३००० दिली की पुरे, कारण २६७७ सोडून सगळे मूळघात शंभराच्या आत आहेत आणि २६७७ एकटाच दुसऱ्या टप्प्यात सापडतो. एकवीस अंकी संख्येचा नऊ अंकी अवयव एवढ्या किरकोळ कष्टात निघतो.

देवळालीच्या मास्तरांच्या संख्या

गणकात एकामागून एक संख्या चालवायची सोय आहे. पदावलीचे चार भाग अर्धविरामाने वेगळे करायचे: चलाची सुरुवातीची किंमत, पुढची किंमत कशी काढायची, कुठवर चालायचं, आणि कशाचे अवयव पाडायचे. एकच संख्या टाकून पान सोडणाऱ्यांना ही सोय माहीतच नसते, आणि दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या संख्यांसाठी तर ती जणू बेतूनच केलेली आहे. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत त्यांनी हे सगळं शोधलं. मुंबईपासून तीस मैलांवरच्या, जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्थानकावरून त्यांनी एका कुळाला डेम्लो संख्या असं नाव दिलं.

चल १ पासून ९ पर्यंत न्या आणि तितक्या एकांच्या संख्येचा वर्ग मागा. १, १२१, १२३२१ अशा डेम्लो संख्या येत शेवटी १२३४५६७८९८७६५४३२१ येते. गणक तिचे अवयव ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२ असे दाखवतो. विभाजक ४५. विषम आले, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे. अंकबेरीज ८१, आणि ३^४ म्हणजेच ८१, म्हणून अंकबेरजेने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच हर्षद हे नाव दिलं. म्हणजे त्यांची एक डेम्लो संख्या त्यांचीच हर्षद संख्याही निघते, आणि हे गणकाच्या एका ओळीत दिसतं. मर्यादा ९ वरून १० केली की १२३४५६७९००९८७६५४३२१ येते आणि डौलदार चढउतार मोडतो, कारण दहाव्या जागी हातचा येतो. २^६७−१ मात्र हर्षद नाही. अंकबेरीज १०९ मूळ आहे आणि तिच्या दोन अवयवांत १०९ नाही.

पंचाण्णव अंकांच्या पुढे

इथे या गणकाकडून फार आशा धरू नये. लहान अवयव असतील तर ईसीएम ते काढील, नाहीतर तासन्‌तास फक्त कर्व्ह मोजत बसेल. अशा वेळी आधी फॅक्टर-डीबी या संग्रहात संख्या आधीच कोणी फोडली आहे का ते पाहावं. तिथे प्रत्येक संख्येपुढे स्थितीची खूण असते: एफएफ म्हणजे पूर्ण अवयव झालेले, सीएफ म्हणजे काही अवयव माहीत पण काम अर्धवट, सी म्हणजे संयुक्त आहे पण अवयव माहीत नाहीत, पी म्हणजे सिद्ध मूळ, पीआरपी म्हणजे मूळ असावी पण सिद्ध झालेली नाही. पीआरपीला पी समजणं ही तिथली सगळ्यात सामान्य चूक. आणि तिथे टाकलेली संख्या संग्रहात कायमची जमा होते, म्हणून कोणत्याही चालू चावीची संख्या तिथे कधीही टाकू नका.

संग्रहात नसेल आणि संख्या शंभर-सव्वाशे अंकांच्या आसपास असेल, तर ब्राउझर सोडून यंत्रावर बसवायचं साधन घ्यावं, उदाहरणार्थ याफू किंवा काडो-एनएफएस. ही सगळे कोअर वापरतात आणि मध्येच थांबलं तर पुढे चालू करता येतात. आरएसए-१२९ ही १२९ अंकी आव्हान-संख्या फोडायला १९९४ मध्ये जगभरातल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी वर्गचाळणी चालवली होती. २५० अंकी आरएसए-२५० फेब्रुवारी २०२० मध्ये काडो-एनएफएसनेच फुटली, तिला सुमारे २७०० कोअर-वर्षं लागली. त्यामुळे कोणी दोनशे अंकी, सारख्या आकाराच्या दोन मूळ अवयवांची संख्या देऊन ब्राउझरमध्ये फोडून दाखवा म्हणालं, तर नकार द्यावा. ऐंशी अंकांपर्यंत, वर्गासाठी, अभ्यासासाठी, स्पर्धेच्या तयारीसाठी आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचं उत्तर ताडून पाहण्यासाठी आल्पर्ट्रॉनच उघडावा. कनिंगहॅम तक्त्यांचा पर्याय सुरू आहे की बंद, तेवढं आधी बघून घ्या.